बाळंतिणीसाठी चाळीस कोंबड्या

आमच्या आग्वाफ्रिया गावात बाई बाळंत झाली की चाळीस दिवस आणि चाळीस कोंबड्या. रोज एक. त्यात कुणी सूट मागत नाही आणि कुणी देत नाही. कोंबडी गावठी हवी, अंगणात हिंडलेली, अंडी घातलेली, आणि जमलंच तर पिल्लं फिरवलेली. कोंबडा चालत नाही. बाळंतिणीच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, खिडक्या बंद, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला वाडगाभर आळणी रस्सा. माझी तिन्ही बाळंतपणं अशीच झाली. एकशेवीस कोंबड्या लागल्या मला, आणि लोकांनी भेट आणलेल्या सोडल्या तर त्यातली एकूण एक दोन्या ब्रिसेइदानं शोधून आणलेली; बाईला मानानं आम्ही दोन्या म्हणतो.

मी ओलिवा. हमरस्त्यावर माझं दुकान आहे आणि तोंड जरा सैल आहे, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही सांतांदेर भागातली माणसं मायेनं बोललो तरी परक्याला भांडण चालल्यासारखं वाटतं. पण ब्रिसेइदापुढे माझी बोलती बंद व्हायची. बाई दिसायला काडी, आवाज हळू, आणि प्रश्न असे विचारणार की समोरच्याला घाम फुटावा.

तिचा नवरा सीमेपलीकडे कामाला गेला तो गेलाच. लेक यामीले तेव्हा चार वर्षांची होती. रडत बसायला ब्रिसेइदाला फुरसत नव्हती. कुणीतरी म्हणालं, सुनेचं बाळंतपण आहे, आमच्याकडे माणूस नाही, तेवढ्या कोंबड्या शोधून दे. तिनं दिल्या. ती सून पंधराव्या दिवशी उठून मक्याचे आरेपा थापायला लागली, बाळानं बाळसं धरलं, दूध वाहायला लागलं, आणि झालं, हिचं नाव झालं. मग चौतीस-पस्तीस वर्षं बाई पाठीला टोपली बांधून डोंगर उतरत राहिली आणि चढत राहिली. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिनं शोधलेल्या कोंबड्यांवर वाढली आहेत.

तिची रीतच वेगळी. बाकीचे कोंबडी उचलून छाती चाचपतात, वजन बघतात, घेऊन जातात. ही आधी घर बघायची. संध्याकाळी पाचला जायची, कोंबड्या झाडावर चढायच्या वेळेला. ओट्यावर कॉफी पीत बसायची आणि गप्प बघत राहायची. कोण आधी चढतं, कोण कुणाला ढकलतं, मालकीण हाक मारते तेव्हा पळत येतात की पळून जातात. मग विचारपूस. पावसात कुठे बसते? खायला काय? खुडूक झाली होती कधी? मुलं दगड मारतात का? माझ्या आत्येला एकदा तिनं तोंडावर सांगितलं, "तुमच्या कोंबड्या तुम्हाला घाबरतात. मी नाही घेणार." आत्या वर्षभर तिच्याशी बोलली नाही. कोंबड्यांवर हात उगारायचा मात्र तिनं सोडून दिला.

एकदा मी तिच्याबरोबर तालुक्याच्या बाजारात गेले होते. एक माणूस "अंगणातल्या गावठी, अंगणातल्या गावठी" म्हणून ओरडत होता. कोंबड्या मातीनं माखलेल्या, पायाला शेण, अगदी पटण्यासारख्या. ब्रिसेइदा खाली बसली, एकीचं डोकं हातात घेतलं आणि म्हणाली, "हिची चोच कुणी कापली?"

"जन्मतःच तशी आहे, दोन्या."

"हिची?" दुसरी उचलली. "आणि हिची? सगळ्या बहिणी आहेत वाटतं."

लोक जमले. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबड्या एकमेकींना टोचू नयेत म्हणून त्यांच्या चोची कापतात. अंडी देणं थांबलं की अशांना काढून टाकतात, आणि हा गडी त्यांना आठवडाभर मातीत लोळवून विकत होता. त्यानं हात जोडले. ब्रिसेइदा त्याच्यावर चिडली नाही. ती त्या कोंबडीचा पाय धरून बसली होती. नखं एवढी लांब की खाली वळलेली, कधी जमीन उकरलेलीच नाही. "बघ गं ओलिवा," ती म्हणाली, "हिला माती दिली तर काय करावं ते कळत नाहीये."

आणि मारायची रीत. ती मात्र तिनं कुणाच्या हातात दिली नाही. कोंबडीच्या मागे धावायचं नाही. आदल्या संध्याकाळी झाडावर बसलेली असतानाच हळूच उतरवायची. सकाळी अंगणातल्या बुटक्या स्टुलावर बसून मांडीवर घ्यायची, एप्रननं डोळे झाकायचे, छातीवरून हात फिरवत राहायचं. काळीज संथ होईपर्यंत. कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. ती थांबायची. कोंबडीनं मान सैल सोडली की मग एकदाच, इतकं पटकन की बघणाऱ्यालाही कळू नये. तिचं म्हणणं, भ्यालेली कोंबडी शिजवली की भीती रश्शात उतरते, रश्शातून दुधात, दुधातून बाळात. असं बाळ झोपेत दचकतं, नुसतं रडतं, अंगाला लागत नाही. मी कधी कधी तिची चेष्टा करायचे. पण माझ्या तिसऱ्या वेळी एक दिवस नवऱ्यानं घाईत कोंबडी पकडून मारली, तेव्हा मीही तो वाडगा बाजूला सारला होता. उगाच कशाला.

मग पोल्ट्र्या आल्या.

सुरुवातीला अननसाच्या शेतांच्या कडेला एक शेड, मग दोन, मग टेकडीआड टेकडीआड पांढरी छपरं. करार असा की शेड तुम्ही बांधायची, पिल्लं कंपनी देणार, खाद्य कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. सहा आठवड्यांनी गाडी येते आणि पक्षी उचलून नेते. शेडमधली एक कोंबडीही घरी शिजवायची नाही, कारण पक्षी मोजून दिलेले असतात, मेलेलेसुद्धा मोजून पुरायचे. आणि कराराच्या दुसऱ्या पानावरची अट अशी की त्या जमिनीवर दुसरा कुठलाच पक्षी पाळायचा नाही. कोंबडी नाही, बदक नाही, पोपटसुद्धा नाही. बाहेरचा रोग आत येतो म्हणतात. फाटकावर पाटी लागते.

माणसं सही करताना आपापल्या अडचणी बघत होती. कोंबड्यांचा विचार कुणी केला नाही. जिथे सही झाली तिथलं अंगण रिकामं होत गेलं. ब्रिसेइदा जायची त्या घरी आता ओट्यावर कॉफी मिळायची, पण झाडावर कुणी चढत नव्हतं. माझा नवरा आर्सेनियो गाडीवर पक्षी भरायच्या कामाला लागला, तेव्हा आमच्याही मागच्या दारच्या सात कोंबड्या गेल्या. कामगाराच्या घरीही नको म्हणे. तिनं मला बोल लावला नाही. नुसती मागच्या दारी जाऊन पेरूच्या रिकाम्या फांदीकडे बघून आली.

आणखी एक गोष्ट घडली, ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. आमच्यात बाळ बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. जिवंत कोंबडी न्यायची, काखेत धरून, आणि बाळंतिणीच्या दारात सोडायची. चाळीसातल्या निम्म्या अशाच जमतात. आता फाटकावर पाटी. कोंबडी नेता येत नाही, आणि रिकाम्या हातानं जायची लाज वाटते. मग लोक जायचेच बंद झाले. एका वर्षी तिघीजणी बाळंत झाल्या आणि तिघींच्याही घरी चिटपाखरू फिरकलं नाही. मीच गेले नाही, दुसऱ्याला काय सांगू.

अशातच यामीलेला दिवस गेले. एकोणचाळीसाव्या वर्षी, आणि आधीची दोन पोटातच गेलेली. दुसरा महिना लागला त्या दिवसापासून ब्रिसेइदानं स्वतःच्या अंगणात कोंबडीच्या तलंगा वाढवायला घेतल्या. "उरलेल्या मी पायांनी शोधीन," म्हणाली. गुडघे दुखायला लागले होते, पण बाईचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. दुकानात येऊन सांगायची, "आज काळीनं अंडं घातलं." जसं काही काळीलाच दिवस गेले आहेत.

जावई एल्कीन वाईट नाही. गरीब आहे आणि भित्रा आहे. अननसाचा भाव दोन वर्षं पडलेला, बाळ यायचं, दवाखान्याला तालुक्याला जायचं. त्यानं सही केली आणि सासूला सांगायची हिंमत झाली नाही. शेडचे खांब उभे राहिले तेव्हा त्याला सांगावंच लागलं. तिघांचं घर एकाच जमिनीवर. मी तिथेच होते, मीठ द्यायला गेले होते.

"आई, पिल्लं यायच्या आत अंगण मोकळं लागेल."

"कशाला?"

"करारात आहे. आता किनाऱ्याकडे रोग निघालाय, म्हणून जास्तच कडक आहेत. एक पीस सापडलं तरी करार मोडतात."

"बाळंतपणापर्यंत थांब म्हणावं त्यांना."

"ते कुणासाठी थांबतात, आई?"

ब्रिसेइदा यामीलेकडे बघत राहिली. यामीले पोटावर हात ठेवून मान खाली घालून बसलेली. तिला सगळं आधीच माहीत होतं, हे आईला तेव्हा कळलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. ती एवढंच म्हणाली, "बरं. मी बघते."

अकरा कोंबड्या होत्या. आम्ही त्या माझ्या जुन्या रेनॉमधून वर एल फिलोला नेल्या, तिची मैत्रीण एर्मेन्सियाकडे. तिकडे रस्ता वाईट म्हणून पोल्ट्रीवाले पोचलेच नव्हते. ब्रिसेइदानं कोंबड्यांचे पाय बांधू दिले नाहीत. मागच्या सीटवर अकरा मोकळ्या कोंबड्या, एक माझ्या खांद्यावर, आणि मी घाटात गाडी चालवतेय. दोन महिने गाडीला वास होता. एर्मेन्सियाला तिनं एकेकीची ओळख करून दिली. ही पावसात वेडी होते, ही दुसरीच्या आधी चढली तर रुसते.

"अगं, सोयरीक जमवतेस की कोंबड्या ठेवतेस?" एर्मेन्सिया म्हणाली.

बेत असा ठरला की बाळंत झाल्यावर ब्रिसेइदानं एक दिवसाआड गाडीतून वर जायचं, तिथेच निवांत कोंबडी करायची, रस्सा पातेल्यात भरून खाली आणायचा. मी ने-आण करणार होते. आणखी सहा-सात घरं तिनं वरच्या बाजूला हेरून ठेवली होती. चाळीस नाही तर पंचवीस तरी होतील म्हणाली.

यामीलेचं पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी. आणि ती दवाखान्यात असतानाच तीन दिवस पाऊस कोसळला आणि एल फिलोचा रस्ता अर्ध्या डोंगरासकट दरीत गेला. उरली ती खेचरांची पायवाट. जायला पाच तास, यायला चार. टाके घातलेली लेक आणि तान्हं टाकून ब्रिसेइदा कुठे जाणार? आणि त्याच आठवड्यात एल्कीनच्या शेडमध्ये पिल्लं आली. सहा हजार. घराच्या स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर सहा हजार कोंबड्या चिवचिवत होत्या आणि बाळंतिणीच्या पातेल्यात घालायला एक नव्हती.

आठ दिवस तिनं गाईच्या हाडांचं पाणी दिलं, दूध-अंड्यांचं कालवण दिलं. अंडीसुद्धा माझ्याकडची, पिंजऱ्यातली, बघून तोंड वाकडं करून नेलेली. यामीलेला दूध पुरेसं येत नव्हतं. बाळ ओढायचं, सोडायचं, लाल होऊन रडायचं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, पाणी प्या, सारखं अंगाला लावा, येईल. आम्हाला उपाय एकच माहीत. मी म्हटलं, "दोन्या ब्रिसेइदा, माझ्या फ्रिजरमध्ये आहेत कोंबड्या. बॉयलर असल्या म्हणून काय झालं, कोंबडीच ना ती."

"ती कोंबडी आहे का ते तू तिला विचारलंस?" एवढं बोलून ती गेली.

पाचव्या दिवशी ती पुन्हा आली, हातात साबणाची वडी फिरवत उभी राहिली. "लेक विचारते, आई, माझ्या वेळेलाच कशी नाही मिळाली गं? मी काय सांगू तिला? सगळ्या गावाला आणून दिल्या मी." असं तोंडानं बोलून दाखवणारी बाई नव्हती ती. मी साबणाचे पैसे घेतले नाहीत, एवढंच.

नवव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एर्मेन्सिया खेचर घेऊन रस्त्यावर उगवली. अंधारात निघालेली. चिखल गुडघ्यापर्यंत, आणि खेचराच्या दोन्ही अंगांना सहा कोंबड्या, पाय बांधून उलट्या लोंबकळत. टोपल्या नव्हत्या तिच्याकडे, करणार काय? चोची उघड्या, धापा टाकत होत्या.

"बाळ बघायला रिकाम्या हातानं येऊ का मी?" ती हसत म्हणाली. बिचारीला वाटलं, आपण केवढं काम केलं. आणि केलंच होतं.

ब्रिसेइदा फाटकातून धावत आली. कोंबड्यांचे पाय बघून तिनं डोळे मिटले, मग एर्मेन्सियाला मिठी मारली. तेवढ्यात आतून कंपनीचा डॉक्टर आला, दुवान, नेमकी त्याच दिवशी त्याची फेरी. प्लास्टिकचा पांढरा झगा, पायात पिशव्या. त्यानं पाच पावलं लांबूनच हात वर केला.

"दोन्या ब्रिसेइदा, पाया पडतो. हात नका लावू त्यांना."

हा दुवान म्हणजे खालच्या वाडीच्या ग्रेगोरियाचा मुलगा. त्याच्या आईच्या बाळंतपणाच्या कोंबड्या ब्रिसेइदानंच आणलेल्या. आणि तो ते विसरला नव्हता, हेच जास्त वाईट.

"आई अजून तुमचं नाव काढते," तो म्हणाला. "पण मी आत येऊ दिलं आणि उद्या शेडमध्ये मर लागली तर? शेडच्या कर्जात एल्कीनची जमीन जाईल. माझी नोकरी जाईल ते सोडा."

"माझ्या लेकीला दूध नाही रे."

"मला माहीत आहे."

"मग?"

त्यानं झग्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. "शिजवून आणा. रस्सा आत आला तर मला काही लिहावं लागत नाही. तुम्ही आंघोळ करून, कपडे बदलून या. पण जिवंत पक्षी फाटकाच्या आत नको."

"आमच्या मागच्या दारी करते," मी म्हटलं.

"तुमच्याकडेही नको, दोन्या ओलिवा. आर्सेनियो उद्या आमच्या गाडीवर आहे."

"मग काय आभाळात करू?"

"रस्त्यावर करा," तो खाली बघून म्हणाला. "रस्ता कुणाचा नाही."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं. पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, आता त्याला शिव्या तरी कशा घालायच्या?

रस्त्याच्या कडेला माझ्या दुकानाच्या अलीकडे एक पेरूचं झाड आहे. तिथे मी प्लास्टिकचं क्रेट उलटं टाकलं. ब्रिसेइदा बसली. त्यातल्या त्यात शांत दिसत होती ती कोंबडी, तांबडी, तिनं सोडवली, पाय चोळले, पाणी दाखवलं. कोंबडीनं पाणी घेतलं नाही. मांडीवर घेतली, एप्रननं डोळे झाकले, छातीवरून हात फिरवायला लागली. मी शेजारी बसले. पिसांवरून दिसत होतं, काळीज कसं उडत होतं ते.

एक ट्रक गेला. कोंबडी फडफडली. ब्रिसेइदानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती काहीतरी पुटपुटत होती, अंगाईसारखं. जरा श्वास संथ झाला असं वाटतंय तोवर दोन मोटारसायकली गेल्या. पुन्हा तेच. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. आतून बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं, एकसुरी, दमलेलं. मग खाद्याची गाडी आली. खेचर आडवं उभं, कोंबड्या वाटेत, गाडीला फाटकाकडे वळता येईना. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना.

"दोन मिनिटं थांब," मी ओरडले.

"दोन मिनिटं तुम्ही म्हणता, बाई. पुढे चार शेडला जायचंय मला."

ब्रिसेइदानं माझ्याकडे पाहिलं. जन्मात तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी काही तरी सांगेन अशी वाट बघत होती ती. बाराला दोन तासही नव्हते. तिकडे बाळ, इकडे हॉर्न.

"शांत होत नाहीये गं," ती म्हणाली.

आणि तिनं केलं. तशीच, धडधडत असताना. तिचा हातही चुकला. पस्तीस वर्षांत न चुकलेला हात. दोनदा करावं लागलं. मी तोंड फिरवलं. खाद्याची गाडी आत गेली, ड्रायव्हर जाताना आभार मानून गेला.

माझ्या शेगडीवर रस्सा शिजला. कोंबडी काय होती म्हणून सांगू. पिवळीधमक चरबी, पोटात अंड्यांची माळ, लहानापासून मोठ्यापर्यंत. कांद्याची पात आणि रानकोथिंबीर घातली तसा दुकानभर वास सुटला, रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. एर्मेन्सियाला धीर धरवेना. "बघ, आली की नाही तुझी कोंबडी कामाला," ती म्हणाली. "उरलेल्या पाच कुठे बांधू?"

"परत ने," ब्रिसेइदा म्हणाली.

"काय?"

"परत ने वर. पाय मोकळे कर आधी. बाकीच्याही आणू नकोस."

"अगं, बाळंतिणीला एका दिवसाचाच रस्सा?"

ब्रिसेइदानं माझ्याकडून दोन टोपल्या मागून घेतल्या, पाची कोंबड्या स्वतः त्यात बसवल्या, खेचरावर बांधून दिल्या. एर्मेन्सिया डोळे पुसत गेली. तिनं बाळ बघितलंच नाही.

बारा वाजले. मी पातेल्याला फडकं गुंडाळून तिच्यापुढे ठेवलं. आंघोळ झालेली, माझा झगा घातलेला, सगळी तयारी झालेली, आणि ती बसून राहिली.

"न्या ना. निवतोय."

"नाही नेत."

"वेड लागलंय का तुम्हाला? पोरगी वाट बघतेय."

"ती कशी गेली ते मी पाहिलंय, ओलिवा. माझ्या हातात होती. तिचं काळीज मला अजून इथं लागतंय," तिनं तळवा उघडून दाखवला. "हे मी माझ्या लेकीला पाजू? तुम्ही घ्या. तू घे, आर्सेनियोला दे. तुम्हाला काही व्हायचं नाही."

मग ती उठली, दुकानाच्या कोपऱ्यात गेली आणि फ्रिजरचं झाकण उघडलं. आत बॉयलरच्या कोंबड्या, पिशवीत बांधलेल्या, बर्फ धरलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या. तिनं वरची उचलली आणि काउंटरवर ठेवली. मला वाटलं, थट्टाच करतेय.

"ही कुठे वाढली, ठाऊक आहे तुला?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुणी मारली? कशी?"

"मला काय माहीत, दोन्या. गाडी येते, टाकून जाते."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "बांधून दे."

मी बांधून दिली. बाराचा रस्सा त्या दिवशी यामीलेला तीन वाजता मिळाला. पुढचे एकतीस दिवस ब्रिसेइदा रोज सकाळी येत होती, वरची पिशवी उचलायची आणि जायची.